पंचाहत्तर की नव्वद? एका डिझेल इंजिनाच्या दोन टर्बोंचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, तत्त्वज्ञानाचा माणूस मोटारीच्या इंजिनावर काय बोलणार? विचारणं रास्त आहे. पण जुनी गाडी विकत घेणं हा आमच्या मते ज्ञानाचाच प्रश्न आहे. समोर एक वस्तू आहे. तिचं बाहेरचं अंग पॉलिश मारून चकचकीत केलेलं आहे. आतलं काही दिसत नाही. आणि तिच्याविषयी जो माणूस सांगतो आहे, तोच ती विकायला बसला आहे. अशा वेळी आपल्याला जे कळतं ते नेमकं कशावरून कळतं, हा प्रश्न आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी हाताळला. आज आपण तो केळव्यात, बोनेट उघडून हाताळणार आहोत.

पालघर, बोईसर, वसई या भागात जुन्या डिझेल गाड्यांच्या बाजारात फिरलात, की एक गोष्ट लवकर लक्षात येते. पाटी स्विफ्टची असो, डिझायरची, पुंटोची, लिनियाची, इंडिका व्हिस्टाची, मांझाची की एसएक्स-फोरची. बोनेटखाली बहुधा एकच इंजिन निघतं. १२४८ सीसीचं, चार सिलिंडरचं, मूळचं फियाटचं. मारुती त्याला डीडीआयएस म्हणाली, टाटा क्वाड्राजेट म्हणाले, फियाट मल्टिजेट म्हणत राहिली. मोटारींवर लिहिणाऱ्यांनी त्याला गमतीनं ‘राष्ट्रीय इंजिन’ असं नाव दिलं होतं. हे इंजिन दोन प्रकारांत आलं. एक ७५ अश्वशक्तीचं आणि दुसरं ९० च्या आसपासचं. घेणारा विचारतो, पंचाहत्तरवालं घेऊ की नव्वदवालं? विकणाऱ्याकडे जे असेल ते चांगलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

दोन्हींत मुख्य फरक टर्बोचा आहे. पंचाहत्तरमध्ये टर्बोची रचना ठरलेली, न बदलणारी. नव्वदमध्ये ती चालता चालता बदलते. हा फरक कुठून आला हे समजलं, तर काय बघायचं तेही समजतं. म्हणून थोडं मागं जाऊ. बरंच मागं.

आल्फ्रेड ब्युखी हा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा इंजिनिअर. इंजिनात जाळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर बाहेर निघून जाते, याचं त्याला वाईट वाटत असे. १९०५ साली त्यानं एक पेटंट घेतलं. बाहेर पडणाऱ्या गरम वायूनं एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवायचं आणि त्या दुसऱ्या चक्रानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. कल्पना एवढीच. फुंकणीनं चूल फुंकणाऱ्या आजीला ती समजावून सांगावी लागली नसती. फरक इतकाच, की इथं चुलीचा धूरच फुंकणी फुंकतो.

कल्पना सोपी आणि लोखंड अवघड. ब्युखीचा टर्बो खऱ्या कामाला लागायला वीस वर्षं गेली. १९२०च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांवर तो बसवला गेला आणि १७५० अश्वशक्तीचं इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागलं. मधल्या काळात अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यानं १९१८ साली विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक नावाच्या डोंगरावर, १४,००० फुटांच्या वर नेलं होतं. खाली साडेतीनशे अश्वशक्ती देणारं इंजिन वरच्या विरळ हवेत सव्वादोनशेच्या आसपास घसरलं. टर्बो लावल्यावर परत साडेतीनशेवर आलं. म्हणजे टर्बोचा जन्म जहाजासाठी आणि विमानासाठी. या दोघांमध्ये एक साम्य आहे, ते लक्षात ठेवा. दोघंही तासन्‌तास एकाच वेगानं चालतात. सिग्नलला थांबत नाहीत, रेल्वेच्या फाटकात अडकत नाहीत, बाजारात म्हशीच्या मागून रांगत नाहीत.

आपल्याकडं टर्बोची पहिली मोठी ओळख झाली ती रेल्वेमुळे. १९६२ पासून आलेलं डब्ल्यूडीएम-टू हे डिझेल इंजिन, सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, टर्बोसकट. आमच्या वयाच्या लोकांना ते आठवत असेल. गाडी सुटताना ड्रायव्हरनं हँडल ओढलं, की धुराड्यातून काळ्या धुराचा लोट उठायचा आणि गाडी जरा हलल्यावर तो विरायचा. तो लोट म्हणजेच टर्बोचा उशीर. डिझेल आत आलं, पण टर्बोचं चक्र अजून पुरेसं फिरत नाही, म्हणून हवा कमी पडली आणि अर्धवट जळलेलं डिझेल काळं होऊन बाहेर पडलं. यालाच आज ‘टर्बो लॅग’ म्हणतात. आपल्या गॅरेजच्या भाषेत, ‘खाली पिकअप नाही, मग एकदम उचलते.’

मोटारीत टर्बो आणताना अडचण झाली ती हीच. मोटार एका वेगानं चालत नाही. १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो असलेली अगदी पहिल्या मोटारींपैकी एक अमेरिकेत विकायला आली. तिची गोष्ट आम्हाला सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. टर्बोनं दाबलेल्या हवेमुळे पेट्रोल वेळेआधीच पेट घेऊ नये, म्हणून कंपनीनं त्यात एका वेगळ्या टाकीतून पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण शिंपडण्याची सोय केली होती. ही छोटी टाकी मालकानं वेळोवेळी भरायची. मालक भरेनात. टाकी रिकामी झाली, की गाडी आपोआप ताकद कमी करायची आणि मालक तक्रार घेऊन दुकानात जायचे. शेवटी कित्येक गाड्यांचे टर्बो काढून त्यांना साधा कार्बोरेटर बसवून दिला गेला. यंत्रात वाईट काही नव्हतं. त्याला जी सवय हवी होती, ती मालकाला नव्हती.

याच्याही दहा वर्षं आधीची एक गोष्ट आहे आणि तिचा पुण्याशी दूरचा संबंध आहे. १९५२ साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत कमिन्सनं टर्बो लावलेली डिझेल मोटार उतरवली. पात्रता फेरीत ती सगळ्यांत वेगवान ठरली आणि पहिल्या जागेवरून सुटली. डिझेल गाडी पेट्रोलवाल्यांच्या पुढं उभी, हे पाहून लोक थक्क झाले. पण सत्तर-एकाहत्तर फेऱ्यांनंतर तिला बाहेर पडावं लागलं. कारण? टर्बोची हवा ओढायची वाट खाली, जमिनीलगत होती आणि ट्रॅकवरचा टायरच्या रबराचा भुगा ओढून ती बुजली. याच कमिन्सनं दहा वर्षांनी, १९६२ साली, किर्लोस्करांबरोबर पुण्यात कोथरूडला कारखाना काढला. तेव्हा जुनी गाडी बघायला गेलात, की सगळ्यांत आधी एअर फिल्टरचं झाकण उघडा. ते उघडायला मेकॅनिकही लागत नाही. फिल्टर पानमळ्यातल्या मातीच्या रंगाचा झाला असेल, तर बाकीच्या देखभालीचा अंदाज तिथंच येतो.

पेट्रोलवर टर्बोचं बस्तान बसायला वेळ लागला. ती कथा शर्यतींची आहे, आज सोडून देऊ. डिझेलवर मात्र ते चांगलं बसलं. डिझेल इंजिनात आधी नुसती हवाच दाबली जाते, इंधन शेवटी येतं. वेळेआधी पेटण्याची भीती नाही. १९७८ मध्ये मर्सिडीजनं ३०० एसडी ही टर्बो डिझेल मोटार अमेरिकेत विकायला काढली. त्यानंतर युरोपात डिझेल मोटारीला टर्बो असणं हे हळूहळू नेहमीचं होऊन गेलं. तरी तो उशीर राहिलाच. मोठा टर्बो घेतला तर वर ताकद मिळते, खाली मिळत नाही. लहान घेतला तर खाली लवकर उचलतो, वर दम संपतो. दोन्ही हवं असेल तर काय करायचं?

इथं आपली वाडी मदतीला येते. नळीनं झाडांना पाणी देताना धार कमी असेल, तर आपण काय करतो? नळीच्या तोंडावर अंगठा ठेवतो. पाणी तितकंच, पण वाट अरुंद झाल्यामुळे धार जोरात, लांब जाते. पंपाचा जोर वाढला, की अंगठा काढतो. बदलत्या रचनेचा टर्बो हाच अंगठा आहे. टर्बाइनच्या चक्राभोवती छोट्या छोट्या पात्यांचं एक कडं असतं. इंजिन हळू फिरत असताना ही पाती मिटतात, वाट अरुंद होते, थोडासाच धूर पण जोरानं चक्रावर आदळतो आणि चक्र लवकर वेग घेतं. इंजिन वेगात आलं, की पाती उघडतात. न बदलणाऱ्या टर्बोत हे काही नाही. त्याला फक्त एक दार असतं, दाब फार झाला की उघडणारं आणि जादाचा धूर बाजूनं सोडून देणारं. प्रेशर कुकरच्या शिट्टीचा भाऊ म्हणा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटच्या क्रोमा मोटारीत पात्यांचा टर्बो डिझेलवर आला. डिझेल मोटारींतल्या पहिल्यांपैकी तो एक. पुढं फियाटच्याच मंडळींनी, मॅग्नेटी मारेल्लीबरोबर, कॉमन रेल म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देण्याची पद्धत विकसित केली. ती बॉशला विकली आणि १९९७ मध्ये ती अल्फा रोमिओ १५६ मध्ये बाजारात आली. याच बॉशचा आपल्याकडचा नाशिकचा कारखाना पूर्वी मायको म्हणून ओळखला जायचा. कारखान्याचं नाव बदललं तरी नाशिककर अजून चौकाला मायको सर्कलच म्हणतात.

या सगळ्या धाग्यांची गाठ म्हणजे २००३ साली आलेलं १.३ मल्टिजेट. छोटं, हलकं, एका स्फोटासाठी डिझेल एकदम न ओतता थोडं थोडं अनेकदा शिंपडणारं. म्हणून नावात ‘मल्टि’. २००५ साली त्याला आपल्या आकाराच्या गटात ‘इंजिन ऑफ द इयर’चा मान मिळाला. जानेवारी २००७ मध्ये ते मारुती स्विफ्टमधून आपल्याकडं आलं. ते हरियाणात मानेसरला बनत असे. त्याच वर्षी फियाट आणि टाटा यांची भागीदारी झाली आणि पुणे जिल्ह्यात रांजणगावला, अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या गावात, हे इंजिन तयार होऊ लागलं. २००८ ची इंडिका व्हिस्टा, २००९ ची लिनिया, पुंटो आणि मांझा यांच्या पोटात ते गेलं. पात्यांचा टर्बो असलेलं ताकदवान रूप लिनियात आणि मांझात आलं, मग २०११ मध्ये मारुतीच्या एसएक्स-फोरमध्ये, २०१२ मध्ये अर्टिगामध्ये, पुढं सियाझ आणि ब्रेझामध्ये.

लोकांनी ते का घेतलं, याचं उत्तर इंजिनात नाही, पंपावर आहे. जून २०१० मध्ये सरकारनं पेट्रोलचे दर मोकळे सोडले, पण डिझेलचे धरून ठेवले. दोघांतली दरी वाढत गेली. चार वर्षं असं चाललं होतं, की ज्याला महिन्याला हजार किलोमीटरही जायचं नाही तोही डिझेलच्या रांगेत उभा होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं झालं, दरी आटली, ओढा कमी झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे नियम आले. त्यात बसवण्यासाठी या इंजिनावर करावा लागणारा खर्च परवडेना, आणि मारुतीनं डिझेलच बंद केलं. आज आपल्याकडं जुन्या बाजारात जी गाडी येते, ती बहुतेक त्या चार-पाच वर्षांतली, म्हणजे स्वस्त डिझेलच्या मोहानं घेतलेली गाडी आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. कारण त्यांतल्या बऱ्याच गाड्या डिझेलसाठी योग्य असं जीवन जगल्याच नाहीत. डिझेल इंजिनाला लांबचा रस्ता हवा. त्यांना मिळाला भाजीबाजार.

आता दोन्हींचे आकडे शेजारी ठेवू. मारुतीचं पंचाहत्तरवालं १९० न्यूटन-मीटर इतका पीळ देतं, तोही इंजिनाचे मिनिटाला २००० फेरे झाल्यावर. नव्वदवालं २०० देतं, १७५० फेऱ्यांना. म्हणजे ताकदीत पंधराचा फरक, पण पिळात फक्त दहाचा. ज्याला पिकअप म्हणतात ते पिळातून येतं. मग नव्वदसाठी जास्त पैसे कशाला? त्या अडीचशे फेऱ्यांसाठी. पालघरहून मनोरकडं निघालात, वाघोबा खिंडीचा चढ लागला, गाडीत पाच माणसं आणि डिकी भरलेली, पुढं वाळूचा ट्रक. ट्रकमागं तुमचं इंजिन अठराशे फेऱ्यांवर आलं. पंचाहत्तरवालं इथं गप्प होतं. गिअर खाली घ्यावाच लागतो. नव्वदवालं त्याच गिअरमध्ये निघून जातं. फरक एवढाच. सपाट रस्त्यावर, केळवे रोड स्टेशन ते गाव या वाटेवर, तुम्हाला तो जाणवणारही नाही.

या सोयीची किंमत आहे. ती पाती धुरात राहतात. इंजिन नेहमी हळू आणि थंड चालवलं, तर काजळी नीट जळत नाही, पात्यांच्या सांध्यांत साठते आणि पाती अडकतात. मिटलेल्या अवस्थेत अडकली, तर हायवेवर दाब फार होतो. गाडीचा संगणक घाबरून ताकद तोडतो. गाडी रांगायला लागते, बंद करून परत चालू केली की ठीक होते. ‘काही नाही साहेब, सेन्सरचा प्रॉब्लेम’ असं विकणारा म्हणाला, तर सावध व्हा. आमच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट आहे, खारा वारा. पाती हलवणारा दांडा उघडा असतो, तो गंजला तरी परिणाम तोच. पंचाहत्तरवाल्या टर्बोत अडकायला पातीच नाहीत. तो दुरुस्तही स्वस्तात होतो, आणि त्याला हात लावणारे मेकॅनिक बोईसर-वसईत सहज भेटतात. नव्वदवाला बहुतेकदा अख्खा बदलावा लागतो.

तेव्हा सरळ हिशेब असा, की केळव्यात राहून जवळच्याच फेऱ्या करणाऱ्यानं पंचाहत्तर घ्यावं आणि हायवेचा माणूस असेल त्यानं नव्वद. हा हिशेब बरोबर आहे. पण अर्धाच, कारण त्यात गाडी नवी आहे असं धरलेलं आहे.

आमच्या शेजारच्या पाड्यातला एक तरुण आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. बायको घरी केळव्याला येणाऱ्या पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करते. रविवारी घर भरलेलं असतं. स्टेशनवरून पाहुणे आणायला आणि कामावर जायला एक गाडी हवी होती. जवळ साडेतीन लाख, त्यातले दीड लाख तिच्या दागिन्यांवर काढलेले. टर्बो गेला तर दागिने सोडवायचं पुढं ढकललं जाणार, हे दोघांना पक्कं माहीत होतं. तो आमच्याकडं आला तेव्हा त्याच्यासमोर दोन गाड्या होत्या, दोन्ही २०१३ च्या, किंमत जवळपास सारखीच. एक डिझायर, पंचाहत्तरवाली, ६२,००० किलोमीटर झालेली. दुसरी एसएक्स-फोर, नव्वदवाली, १,३८,००० झालेली. त्याचा कल डिझायरकडं होता, आणि वरच्या हिशेबानं तेच योग्य होतं. कमी चाललेली, साधा टर्बो, भाग कुठंही मिळणार.

आम्ही त्याला म्हटलं, बाबा, चार प्रमाणं धरून चालू. विकणाऱ्याचं बोलणं हे शब्दप्रमाण. पण शब्द प्रमाण ठरायला बोलणारा आप्त असावा लागतो, म्हणजे खरं जाणणारा आणि खरं सांगण्यात ज्याचं काही बिघडत नाही असा. गाडी विकणारा या व्याख्येत बसत नाही. तो खोटारडा असतो असं नाही. त्याचं हित आड येतं, एवढंच. तुलना, म्हणजे उपमान: दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवून बघ. प्रत्यक्ष, म्हणजे डोळा, कान, हात. आणि अनुमान. डोंगरावर धूर दिसला की तिथं आग आहे असं ओळखावं, हे अनुमानाचं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण आहे. डिझेल गाडीत मात्र आग आहे हे माहीतच असतं. धूर कसला, ते बघायचं. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते आहे: फिल्टर बुजला, हवेची नळी फाटली किंवा पाती अडकली. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं आहे: टर्बोचं सील गेलं असेल किंवा इंजिनाच्या रिंगा. पांढरा धूर थंडीच्या सकाळी थोडा वेळ चालतो. इंजिन तापल्यावरही राहिला तर कूलंट आत जातं आहे का बघा.

नैयायिक एवढ्यावर थांबले नाहीत. ते म्हणाले, उलट बाजूही बघा. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. आग आहे, धूर नाही. धूर आगीमुळे होत नाही, ओल्या लाकडामुळे होतो. ती एक जादाची अट आहे. आम्ही वर्गात हे कित्येक वर्षं शिकवलं, पण टर्बो बघितल्यावर ते फारच नेमकं वाटू लागलं. टर्बो खरोखरच असा गोळा आहे. त्याचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, आणि ऑइलच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत घेतो. ऑइल जुनं होऊन घट्ट झालं, की दांड्याखालचा पापुद्रा जातो, बेअरिंग झिजतं आणि तरीही बरेच महिने धूर येत नाही. धूर नाही म्हणून सगळं ठीक, हे अनुमान चुकीचं आहे. मग हा न दिसणारा भाग ओळखायचा कसा? बिलांवरून. ऑइल किती किलोमीटरला बदललं, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रतीचं घातलं. या इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटर. तेच टर्बोला, तेच टायमिंग चेनला. त्यात हयगय झाली, की दोन्ही जातात.

त्यानं दोन्ही गाड्या बघितल्या. डिझायरवाल्याकडं अकरा वर्षांत चार बिलं. गाडी कमी चालली म्हणून ऑइलही कमी वेळा बदललं, असा त्याचा हिशेब. ऑइल मात्र गाडी उभी असतानाही जुनं होतं. सकाळी गार इंजिन चालू केलं, तेव्हा धुराड्याशी अगदी हलका निळसर धूर, दोन मिनिटांत नाहीसा. टर्बोकडून येणारी हवेची नळी सोडवली, तर आत बोटभर ऑइल. नळीत ऑइलचा हलका ओलावा चालतो, डबकं चालत नाही. एसएक्स-फोरचा मालक कंपनीच्या कामासाठी वसई ते वापी असा हायवेवर फिरलेला. दर दहा हजारांना बिल, एकही सुटलेलं नाही. मग ती वाघोबा खिंडीत नेली. तिसऱ्या गिअरमध्ये पंधराशे फेऱ्यांवरून पूर्ण दाबली. सरळ उचलत गेली, मध्ये अडखळली नाही, आरशात काळं काही दिसलं नाही. खाली उतरून मनोरला बंद केली, परत चालू केली, पुन्हा तसंच. टर्बोचा दांडा बोटांनी हलवून बघितला. आडवा किंचित हलतो, तो हलायचाच. आतबाहेर मात्र अजिबात नाही. आतबाहेर हलला असता तर तिथंच नमस्कार करून परत आलो असतो.

त्यानं एसएक्स-फोर घेतली. म्हणजे केळव्याच्या माणसानं, केळव्याच्या फेऱ्यांसाठी, दुपटीहून जास्त चाललेली नव्वदवाली गाडी घेतली. नियम मोडूनच. पण नियम टर्बोच्या जातीबद्दल होता आणि विकत घ्यायची होती ती एक गाडी. तिला हायवेवर चांगलं आयुष्य मिळालं होतं. आता गावातल्या फेऱ्यांत तिची पाती बुजू नयेत, म्हणून तो पंधरा दिवसांतून एकदा मनोरच्या पुढं हायवेवर अर्धा तास, खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वर ठेवून चालवून आणतो. दहा हजारांऐवजी साडेसात हजारांना ऑइल बदलतो. आणि घरी आल्यावर चावी लगेच फिरवत नाही, मिनिटभर इंजिन चालू ठेवतो. टर्बो फिरायचा थांबेपर्यंत त्याला ऑइल मिळावं म्हणून. हे तिसरं त्याच्या बायकोनं त्याला लावलं, असं तो सांगतो. दागिने तिचे आहेत.

कागदांचं थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१३ ची गाडी घेतलीत तर २०२८ मध्ये नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर आला. दिल्लीकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून बंदी आली. तिकडच्या गाड्या मग इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. स्वस्त वाटतात. पण त्यांना तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे अठ्ठावीस नंबरचा फॉर्म लागतो, इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो आणि मग कुठं इथला नंबर लागतो. शिवाय दहा वर्षं त्या शहराच्या गर्दीत रांगलेली नव्वदवाली, म्हणजे पात्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. कर्ज असेल तर बँकेचं नाव उतरवल्याचा पस्तीस नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. फियाटच्या गाड्यांबद्दल एक वाक्य: लिनिया आणि पुंटो रस्त्यावर बसायच्या सुरेख, पण कंपनीनं इथली विक्री बंद केली, भाग शोधायची हौस असेल तरच घ्या.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे: गाडी बघायला गेल्यावर पहिली गोष्ट कोणती करायची? आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा, गाडी चालू करू नका, आम्ही गारच बघणार. पोहोचल्यावर बोलायच्या आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर काही म्हणू नका. चहा घ्या, विकणाऱ्याच्या मुलाबाळांची चौकशी करा, दुपारी किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली तासन्‌तास बसा, नाहीतर सरळ उद्या सकाळी या. इंजिन पूर्ण गार झाल्यावर, धुराड्याच्या मागं एक माणूस उभा करून, मगच चावी फिरवा.